नोंदणी वाढली तरी एचआर उत्तर देत नाहीत, तेव्हा काय करायचं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. नाशिकमधल्या कारखान्यांच्या, दवाखान्यांच्या आणि दुकानांच्या नोकऱ्यांचं ॲप तुम्ही चालवता. उमेदवारांची नोंदणी जोरात चालू आहे आणि पैसे घातलेल्या भागीदाराला ती वर्षअखेरपर्यंत दुप्पट हवी आहे. तिकडे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतले एचआर, म्हणजे कंपन्यांत भरती बघणारे, म्हणतात की येणारे अर्ज कामाचे नसतात, आणि उमेदवार म्हणतात की अर्ज करून कुणी विचारत नाही. तुमच्या टीममध्ये दोन तट पडलेत. एकाला ‘एका टॅपमध्ये अर्ज’ हे बटण काढायचंय, दुसरा म्हणतो ते काढलं तर आकडे कोसळतील. कुणाचं ऐकायचं?

नोकऱ्यांच्या पोर्टलवर प्रॉडक्टच्या बाजूने मी बरीच वर्षं काम केलंय आणि आता नाशिकच्या एमआयडीसीतल्या भरतीशी रोजचा संबंध येतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. भांडणात दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत असं मला वाटतं. वाढ हवी की युजरचा चांगला अनुभव, असा हा सामनाच नाही. तुमच्याकडे कोंडी झाली आहे. कोंडी झालेल्या ठिकाणी आणखी माणसं आणून सोडली की वाढही होत नाही आणि अनुभवही बिघडतो.

मोबाइल विकणाऱ्या साइटवर दहा हजार गिऱ्हाइकं आली म्हणून अकराव्या हजारातल्या गिऱ्हाइकाचं काही बिघडत नाही, माल असला की झालं. नोकरीत तसं होत नाही. जागा दोन असतात आणि अर्ज वाचणारा माणूस एक. तुमचा नवा उमेदवार हा आधीच्या उमेदवाराचा प्रतिस्पर्धी असतो, आणि एचआरसाठी तो वाचायचं आणखी एक काम असतो. बाजाररचनेवर काम करणारे ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजार नीट चालायला काय लागतं याबद्दल त्यांची मांडणी साधी आहे: दोन्ही बाजूंना पुरेशी माणसं हवीत, पण तेवढ्याने भागत नाही. आलेल्या पर्यायांचा विचार करायला प्रत्येकाला वेळ मिळाला पाहिजे, आणि खरं बोलण्यात कुणाला धोका वाटता कामा नये. तुमचा भागीदार पहिल्या अटीवर पैसे लावतोय. तुमची तक्रार दुसऱ्या अटीची आहे. तिसरीकडे मी पुढे येतो.

अंबडमधलं पंचवीस-तीस कामगारांचं एखादं जॉबवर्क युनिट, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणारं छोटं वर्कशॉप, डोळ्यासमोर आणा. तिथे एचआर म्हणून वेगळा माणूस नसतो. जो बिलं काढतो आणि जीएसटीचं बघतो, तोच भरती बघतो. सकाळी त्याने ‘व्हीएमसी ऑपरेटर, २ जागा’ अशी जाहिरात टाकली (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन). जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोनवर नोटिफिकेशनची रांग लागली. पहिला अर्ज उघडला तर बी.कॉम. झालेला मुलगा. दुसरा ड्रायव्हर. तिसरा फिटर, पण राहतो मालेगावात. चौथा बरा वाटला म्हणून फोन लावला, तर पलीकडून “कुठली कंपनी? मी अर्ज केला होता का?” हे ऐकल्यावर तो पाचवा उघडतो, सहावा उघडतो, आणि मग मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरला सांगतो, “अरे, तुझ्या ओळखीतलं कुणी असेल तर उद्या घेऊन ये.” सात वर्षं फानुक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणक-पॅनेलचा एक ब्रँड) हात बसलेला माणूस त्या यादीत चाळिसाव्या नंबरवर होता. त्याला वाटणार की ॲपच बोगस आहे, आणि त्या दिवसाचा त्याचा अनुभव बघता तसं वाटणं चुकीचंही नाही.

आता थोडं गणित, आकडे फक्त समजण्यासाठी. समजा अंबड भागात व्हीएमसी ऑपरेटरच्या आठवड्याला १० जाहिराती येतात आणि प्रत्येक जाहिरातीचे पहिले १५ अर्ज माणूस खरोखर वाचतो. म्हणजे वाचले जाणारे अर्ज १५०. उमेदवार ५० असतील आणि प्रत्येकाने विचार करून ३ ठिकाणी अर्ज केला तर सगळे वाचले जातील. एका टॅपच्या सोयीमुळे तेच लोक प्रत्येकी १२ अर्ज करू लागले की अर्ज झाले ६००, आणि चारातले तीन न वाचलेले. त्यात नोंदणी दुप्पट करा, अर्ज १२०० होतात आणि आठातले सात वाया जातात. डॅशबोर्डवर मात्र अर्जांची संख्या आठपट झालेली दिसेल आणि मीटिंगमध्ये टाळ्या वाजतील. वाचले गेलेले अर्ज पहिल्या दिवशी १५० होते, आजही तेवढेच आहेत.

म्हणून पहिलं काम म्हणजे मोजायचा आकडा बदला. माझ्या मते तुमच्यासारख्या ॲपने एकच आकडा भिंतीवर लावावा: या आठवड्यात किती अर्जांना ७२ तासांच्या आत माणसाकडून उत्तर मिळालं. ‘नाही’ हेही उत्तरच धरायचं. हा आकडा वाढायला दोन्ही बाजू वाढाव्या लागतात, नुसती एक वाढवून चालत नाही, त्यामुळे भागीदाराला हवी ती वाढ आणि तुम्हाला हवा तो अनुभव एकाच आकड्यात बांधले जातात. तो नाशिकभराचा एकत्र काढू नका. काम आणि भाग अशी जोडी घेऊन काढा: सातपूरचे सीएनसी-व्हीएमसीवाले, सिन्नरचे हेल्पर, शहरातल्या दवाखान्यांच्या जीएनएम-एएनएम (नर्सिंगचे कोर्स) झालेल्या सिस्टर, कॉलेज रोडच्या दुकानांतले सेल्समन. सरासरीत सगळं बरं दिसतं आणि एकेक खाना उघडला की कुठे कोंडी आहे, कुठे सामसूम, हे लगेच कळतं.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा इशारा इथेही लागू आहे: माप हेच उद्दिष्ट झालं की ते माप म्हणून निकामी व्हायला लागतं. ‘उत्तर मिळालेले अर्ज’ असं टार्गेट दिलंत की तुमची सेल्स टीम एचआरला सांगेल, “साहेब, सगळे सिलेक्ट करून रिजेक्ट मारा, एका मिनिटाचं काम आहे.” तेव्हा एका झटक्यात नाकारलेले अर्ज मोजणीतून वगळा. प्रोफाइल उघडून दिलेलं उत्तर तेवढंच उत्तर.

आणि रोज किती लोक ॲप उघडतात या आकड्यावरून कृपया लक्ष काढा. गुंतवणूक केलेल्या लोकांना तो फार आवडतो, कारण बाकीच्या धंद्यांत तो चांगला असतो. नोकरी शोधणारा माणूस महिनाभर रोज ॲप उघडतोय याचा अर्थ त्याला महिनाभर काम लागलेलं नाही. ज्याला आठ दिवसांत काम लागलं तो निघून जाणार, आणि तुमच्या तक्त्यात ‘सोडून गेलेला युजर’ म्हणून लाल रंगात दिसणार. टिकून राहायला हवेत ते जाहिरात देणारे. एका कंपनीने दुसरी जाहिरात दिली का, तिसरी दिली का, हे बघा. उमेदवाराचं टिकणं वर्ष-दोन वर्षांनी कळतं, पुढचं काम शोधताना तो परत येतो का त्यावरून.

आता तुमच्या बटणाबद्दल. सरसकट काढूही नका आणि सरसकट ठेवूही नका. हेल्पर, पॅकिंग, सिक्युरिटी, हाउसकीपिंग अशा कामांना कंपनी एकदम पंधरा-वीस माणसं बोलावते, गेटवर कागद बघते आणि त्यातून निवडते. तिथे एक टॅप पुरे, उलट अर्ज कमी पडले तर कंपनीचीच पंचाईत होते. पण कौशल्याच्या कामाला तीन प्रश्न विचारा, आणि ते त्याच कामाचे असू देत. व्हीएमसीसाठी: कुठल्या कंट्रोलवर काम केलंय, फानुक की सिमेन्स? सेटिंग स्वतः करता की फक्त ऑपरेटिंग? तिसऱ्या शिफ्टला येता येईल का? एवढ्याने अर्ज दणकन कमी होतील. बटण ठेवा म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याची भीती खरी आहे, आकडा पडणारच. पण गळून जातात ते मुख्यतः न वाचता टॅप करणारे. आणि एचआरला यादीतच ‘फानुक, सेटिंग येतं, थर्ड शिफ्ट चालेल’ एवढं दिसलं की तो फोन लावतो.

ॲप वापरणं जितकं सोपं तितकं चांगलं, असं डिझाइनच्या पुस्तकांतून डोक्यात बसलेलं असतं. नोकरीच्या बाजारात थोडी अडचण मुद्दाम ठेवावी लागते. ती अर्ज पाठवताना असावी, जाहिरात समजून घेताना नसावी. बहुतेक ॲपमध्ये नेमकं उलटं असतं: अर्ज एका टॅपवर, आणि पगार, ठिकाण, शिफ्ट शोधायला चार स्क्रीन.

माझा अनुभव असा की सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी सुधारणा जाहिरातीच्या मजकुरात असते. आत्ता तुमच्याकडे येणारी नेहमीची जाहिरात अशी असणार: ‘ऑपरेटर पाहिजेत. नामांकित कंपनी. आकर्षक पगार. नाशिक.’ यातल्या एकाही शब्दावर माणूस निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून तो अर्ज करून ठेवतो. तीच जाहिरात अशी करून घ्या: ‘प्रेस ऑपरेटर, अंबड. कंत्राटदारामार्फत. हातात किती मिळेल तो आकडा, पीएफ-ईएसआयसी कापून. आठ तासांची शिफ्ट, ओटी वेगळा. कँटीन आहे. सिडको आणि इंदिरानगरकडून बस, पंचवटीकडून नाही.’ पंचवटीतला गाडी नसलेला माणूस स्वतःच पुढे सरकतो. त्याचाही वेळ वाचला, कंपनीचाही.

यातल्या दोन गोष्टींवर सेल्स टीम अडून बसेल. पहिली पगाराची. कंपन्यांना पगार उघड लिहायचा नसतो, कारण जुने कामगार बघतात आणि मग खाली कुरबूर सुरू होते. ही अडचण खरी आहे, तिला उडवून लावू नका. पट्टा लिहू द्या, पण तो अरुंद असू दे. ‘१२ ते ३० हजार’ हा काही पट्टा झाला नाही. आणि सीटीसी (कंपनीला त्या माणसामागे येणारा एकूण खर्च) की हातात, हे स्पष्ट करून घ्या. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, महिना २१ हजारांच्या मजुरीपर्यंत लागू होतं, त्यामुळे त्या रेषेच्या आसपास हातात येणारी रक्कम कपातीनुसार बदलते आणि जॉइनिंगनंतरची निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. दुसरी गोष्ट ‘कंत्राटदारामार्फत’ या शब्दाची. एमआयडीसीतली बरीच भरती कंत्राटदारांमार्फत होते, त्यांना बंद करून ॲप चालणार नाही. पण ‘ऑन रोल’, म्हणजे थेट कंपनीच्या पगारावर, असं समजून आलेल्या माणसाला गेटवर कळलं की आपण कंत्राटावर आहोत, तर तो कंपनीआधी तुम्हाला शिव्या घालतो. लेबल लावा आणि तो विषय संपवा. एकच कंत्राटदार एकाच कंपनीच्या चार जाहिराती वेगवेगळ्या नावांनी टाकतो, त्या मात्र एकत्र करायलाच हव्यात. उमेदवार चारही ठिकाणी अर्ज करतो आणि चारही वेळा त्याच माणसाचा फोन येतो.

ठिकाणाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण बाहेरून आणलेली तयार सॉफ्टवेअर इथे हमखास आपटतात. ‘नाशिक’ असा एकच टॅग म्हणजे काहीच न सांगणं. सातपूर आणि अंबड शहरातच आहेत. सिन्नर साधारण ३० किलोमीटर, मुंबई महामार्गावरचं गोंदे जवळपास तेवढंच, दिंडोरी दुसऱ्या दिशेला. नाशिकरोडला राहणाऱ्याला सिन्नर परवडतं पण गोंदे अवघड जातं. सेकंड शिफ्ट रात्री सुटल्यावर गोंद्याहून पंचवटीत यायचं तर कंपनीची बस किंवा स्वतःची गाडी लागते. तेव्हा नुसतं किलोमीटरचं अंतर मोजून जवळची नोकरी दाखवू नका. राहण्याचा भाग, कंपनीच्या बसचे थांबे आणि ‘गाडी आहे का’ हे तीन एकत्र केलंत की तुमची शिफारस कुठल्याही मोठ्या पोर्टलपेक्षा चांगली ठरेल. बसचे थांबे मिळवायला कंपन्यांना फोन करावे लागतील. करा. स्थानिक ॲपने स्थानिक माहितीवर मेहनत घ्यायची नाही, तर मग कशावर?

कोंडी मोडायला आणखी दोन मर्यादा लागतात. उमेदवाराला एका वेळी ठरावीक अर्ज खुले ठेवता यावेत, समजा पाच. उत्तर आलं किंवा आठवडा गेला की एक जागा मोकळी होते. त्यामुळे माणूस निवडून अर्ज करतो. दुसऱ्या बाजूला, न उघडलेले पंचवीस अर्ज साचले की जाहिरात आपोआप थांबावी, आणि एचआरला एवढाच मेसेज जावा: ‘२५ अर्ज तुमची वाट बघताहेत, बघितले की जाहिरात पुन्हा सुरू होईल.’ पहिल्या महिन्यात यावरून तक्रारी येतील. एखादी मोठी कंपनी सोडून जाण्याची धमकीही देईल. वर्षानुवर्षं जाहिरात देणारी, माणसं खरोखर घेणारी कंपनी असेल तर मर्यादा वाढवून द्या, तत्त्वासाठी गिऱ्हाईक घालवू नका. पण फुकट जाहिरात टाकून कधीही ॲप न उघडणारे गेले तर जाऊ देत.

जुन्या जाहिराती पंधरा दिवसांनी बंद करा. चालू ठेवायची असेल तर एचआरने एक बटण दाबावं. हा नियम गूगलसाठीही सोयीचा आहे. गूगलच्या नोकरी शोधात तुमच्या जाहिराती दिसायच्या असतील तर मुदत संपलेल्या जाहिराती काढून टाकणं त्यांच्या नियमांनुसार गरजेचं आहे, आणि न काढणाऱ्या साइटवर कारवाई होऊ शकते. दुसऱ्या साइटवरून जाहिराती उचलून आपलं ॲप भरल्यासारखं दाखवायचा मोहही इथेच येतो. सुरुवातीला काही खाने रिकामे असतात तेव्हा मी त्याला सरसकट ना म्हणत नाही. पण त्या वेगळ्या भागात ठेवा, ‘बाहेरची जाहिरात’ असं लिहा आणि त्यांवरचे अर्ज स्वतःच्या आकड्यात मिरवू नका.

आता ‘नाही’ म्हणण्याबद्दल. आपल्याकडे एचआर नाही म्हणायला कचरतो. वाईटपणा कशाला घ्या, असा हिशेब असतो, आणि खरं कारण सांगितलं तर उमेदवार फोन करून वाद घालेल ही भीतीही असते. म्हणून त्याला बोलायला लावू नका. चार ठोकळे द्या: जागा भरली, अंतर जास्त, अनुभव वेगळा हवा, पगार जुळत नाही. बोट फिरवलं की काम झालं. उमेदवाराला मेसेज ॲपच्या नावाने जावा, एचआरच्या नावाने नाही, आणि त्याच मेसेजमध्ये त्याला जुळणाऱ्या दुसऱ्या एक-दोन जागा असाव्यात. नकार मिळालेला माणूस परत येतो. काहीच न कळलेला माणूस ॲप काढून टाकतो, आणि शेजाऱ्यालाही काढायला सांगतो.

नोटिफिकेशनचा भाग लवकर उरकतो, कारण यात मत फारसं बदलायला जागा नाही. दर आठवड्याला पाठवले जाणारे मेसेज वाढवले की पहिल्या दिवशी ॲप उघडणारे वाढतात, हे खरं. पण व्हॉट्सॲपवर लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट करायला सुरुवात केली की तुमच्या नंबरचं क्वालिटी रेटिंग उतरतं आणि मेसेज पाठवण्याची मर्यादा अडकते. मग इंटरव्ह्यूची वेळ कळवायचा मेसेजही अडकू शकतो. ‘तुमची प्रोफाइल ५ कंपन्यांनी पाहिली’ असं खोटं लिहू नका. ‘फक्त आजच, शेवटच्या २ जागा’ हेही नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या डिझाइनविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार दिलेत. खोटी घाई लावणं आणि सतत टोचत राहणं हे दोन्ही त्यात आहेत. उमेदवाराच्या फोनमधली नावं घेऊन त्याच्या मित्रांना मेसेज पाठवायची कल्पना तुमच्या टीममध्ये कुणीतरी आणेलच. त्याला लिंक्डइनचा किस्सा सांगा. युजरच्या नावाने त्याच्या ओळखीच्यांना पुन्हा पुन्हा आठवणीचे ईमेल गेले, त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१५ मध्ये १.३ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. त्यांना ते परवडलं.

रॉथ यांची तिसरी अट, निर्धोकपणा. इथे मी अजिबात तडजोड करत नाही, वाढ थांबली तरी चालेल. नोकरीच्या नावाखाली ‘गेटपासचे’, ‘युनिफॉर्मचे’, ‘फाइल चार्ज’ म्हणून आधी पैसे मागणारे तुमच्याकडेही येणार. अशी एक जाहिरात पकडली गेली की तिचा स्क्रीनशॉट श्रमिकनगर-अशोकनगरच्या प्रत्येक ग्रुपमध्ये फिरतो आणि खाली नाव तुमच्या ॲपचं असतं. नव्या जाहिरातदाराची पहिली जाहिरात माणसाने फोन करून तपासल्याशिवाय लावू नका. जीएसटी क्रमांक आणि कंपनीचा पत्ता जुळतो का बघा, लँडलाइन असेल तर तिथे फोन करा. हे काम महाग आहे आणि त्याने रोजच्या नव्या जाहिरातींचा आकडा खाली येतो. प्रत्येक जाहिरातीखाली ‘पैसे मागितले?’ असं बटण ठेवा, आणि ते दाबलं की तासाभरात माणसाने लक्ष घालायचं. उमेदवारांकडून तुम्ही स्वतः कसलीही फी घेऊ नका, ‘प्रीमियम प्रोफाइल’सुद्धा नको. एकदा तुम्हीच पैसे घेतले की फसवणारा आणि तुम्ही यांत लोकांना फरक कसा कळणार? देशातलं सर्वात जुन्यांपैकी एक असलेलं नोकरी डॉट कॉम १९९७ पासून चालू आहे, आणि त्याचीही मुख्य कमाई भरती करणाऱ्या कंपन्यांकडून होते.

मग कंपन्यांकडून कसे घ्यायचे, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. अर्जामागे पैसे घेतलेत तर तुमचाच फायदा कोंडीत राहील. जॉइनिंगमागे घेणं सगळ्यात न्याय्य वाटतं, पण छोटी युनिट जॉइनिंग लपवतात आणि तुमचे दोन पोरं वसुलीतच गुंततात. दवाखान्यांसारख्या ठिकाणी, जिथे एक सिस्टर मिळणंही मुश्किल असतं, तिथे ते जमू शकतं. जॉबवर्कवाल्यांसाठी जाहिरातीमागे छोटी, आगाऊ रक्कम मला बरी वाटते. रक्कम मोठी नसली तरी चालते. पैसे भरलेला माणूस अर्ज उघडून बघतो, फुकट टाकलेली जाहिरात विसरली जाते.

कुठलाही बदल लावायच्या आधी तपासाल तेव्हा एक सापळा सांभाळा. अर्ध्या उमेदवारांना नवं बटण आणि अर्ध्यांना जुनं, अशी नेहमीची चाचणी इथे खोटं बोलते. नवं बटण मिळालेले भराभर अर्ज करतात आणि त्याच एचआरचा वेळ खातात, त्यामुळे जुन्या गटाची उत्तरं घटतात. तक्त्यात फरक मोठा दिसतो, प्रत्यक्षात एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात गेलेलं असतं. टॅक्सी आणि खाणं पोहोचवणाऱ्या कंपन्या म्हणूनच पूर्ण भागात बदल लावून, पाळीपाळीने चालू-बंद करून बघतात. त्यांचं काम तासांत संपतं. भरतीला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा तुमच्या पाळ्या लांब हव्यात. सोपा मार्ग म्हणजे सातपूरला बदल लावा, अंबड तसंच ठेवा, महिनाभराने अदलाबदल करा. आणि सुगीच्या दिवसांत तुलना टाळा. जानेवारीपासून दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांचं पॅकिंग जोरात असतं, हेल्पर तिकडे वळतात आणि एमआयडीसीतले आकडे तुमच्या बटणाशिवायच हलतात. उन्हाळ्यानंतर आयटीआयचे निकाल लागले की उलटं होतं.

म्हणजे भागीदाराला नाही म्हणायची गरज नाही, वाढ कुठे करायची एवढं ठरवायचं आहे. त्याच्यासमोर तो काम-भागाचा तक्ता ठेवा. जिथे उत्तरं पटापट मिळतात आणि अर्ज कमी पडतात, तिथे जाहिरातीचा खर्च करा. माझा अंदाज, दवाखान्यांचा स्टाफ आणि सिन्नरकडची कुशल माणसं तिथे निघतील. जिथे आठातले सात अर्ज वाया जाताहेत तिथली उमेदवार-मोहीम बंद करा आणि तोच पैसा नव्या कंपन्या आणायला लावा. तुमचे दोन-तीन फिरते लोक असतील तर त्यांना उमेदवारांचे मेळावे भरवण्यापेक्षा गाळ्या-गाळ्यात पाठवा. वर्षअखेरची नोंदणी कदाचित दुप्पट होणार नाही. पण पुन्हा जाहिरात देणाऱ्या कंपन्या वाढलेल्या दिसल्या तर पैसे घातलेला माणूस तोही आकडा वाचू शकतो, शेवटी बिलं त्याच कंपन्या भरतात.

२०२७ च्या सिंहस्थाचं आधीच सांगून ठेवतो, कारण तेव्हा हा सगळा प्रश्न एकदम दसपट होऊन समोर येईल. सिक्युरिटी, हॉटेल, ड्रायव्हर, सफाई यांची तात्पुरती मागणी येईल आणि हजारोंनी नोंदणी करून घ्यायचा मोह होईल. घ्या, पण ती कायमच्या नोकऱ्यांच्या प्रवाहात मिसळू नका. ‘ठरावीक दिवसांचं काम’ असा वेगळा विभाग करा, कामाची पहिली आणि शेवटची तारीख, राहण्या-जेवणाची सोय आणि पैसे कधी मिळणार हे लिहिणं सक्तीचं करा. शेवटची तारीख उलटली की ती प्रोफाइल आपोआप थांबवा आणि पुढे काम हवंय का, हे त्या माणसाला एकदाच विचारा.